हुकूमशाही जाऊन लोकशाही येत असताना महापौराच्या हातात खरंच काही असतं का, की तो नुसता शोभेचा?

तुमच्या प्रश्नातला 'शोभेचा' हा शब्द वाचला आणि हातातलं काम बाजूला ठेवलं. लग्न झाल्यापासून सासऱ्यांच्या तोंडून हाच शब्द ऐकतोय. ते महापालिकेच्या ड्रेनेज खात्यातून निवृत्त झाले. त्यांचं ठाम मत : शहर आयुक्त चालवतो, इंजिनिअर चालवतात, महापौर फिती कापतो. आपल्याकडे अडीच वर्षांची मुदत आणि सह्यांचे अधिकार आयुक्ताकडे, त्यामुळे इथे ते चूक नाहीत. पण ते हे जगभर लावतात, तिथे आमचं वाजतं.

मी काही वर्षं स्पेनमध्ये, माद्रिदला नोकरीला होतो. सासू-सासरे तिथे राहायला आले होते. संध्याकाळी मान्सानारेस नदीकाठी फिरताना बदकं दिसली. मी म्हटलं, "बाबा, ही नदी एकेकाळी उघडं गटार होती. 1979 मध्ये निवडून आलेल्या महापौराने साफ करून घेतली आणि नंतर पाण्यात बदकं सोडली." सासरे थांबले. म्हणाले, "बदकं सोडणं हे महापौराचं काम? सांडपाणी कुठे वळवलं ते सांगा, जावईबापू."

तो महापौर एन्रिके तिएर्नो गाल्वान. राजकारणी कमी, मास्तर जास्त. तत्त्वज्ञ विटगेनश्टाईनचं लेखन स्पॅनिशमध्ये आणलेला माणूस. विद्यार्थ्यांच्या बाजूने उभा राहिला म्हणून हुकूमशहा फ्रँकोच्या सरकारने 1965 मध्ये त्याला सालामांका विद्यापीठातून काढून टाकलं. लोक त्याला 'म्हातारे प्रोफेसर' म्हणायचे.

आता तारखा बघा. फ्रँको 1975 मध्ये गेला, संसदेची निवडणूक 1977 मध्ये झाली, राज्यघटना 1978 मध्ये आली. गावोगावच्या पालिकांची निवडणूक मात्र 3 एप्रिल 1979 ला. म्हणजे जणू दिल्लीत नवं सरकार बसलंय आणि तुमच्या पालिकेत अजून जुन्या सरकारने नेमलेलाच माणूस, अशी जवळजवळ दोन वर्षं. लोकशाही सगळ्यात उशिरा नळापाशी पोचली. माद्रिदमध्ये तेव्हा पंतप्रधान सुआरेसच्या पक्षाला 25 जागा, प्रोफेसरांच्या समाजवाद्यांनाही 25 आणि कम्युनिस्टांना 9. त्या नऊ जणांच्या जोरावर प्रोफेसर खुर्चीत बसले. हाताखालचा कारकून, फायली, शिक्के सगळं जुनंच. शहराच्या कडेला वायेकाससारख्या वस्त्यांत रहिवासी संघटना वर्षानुवर्षं घर, गटार, शाळा मागत होत्या, त्या आता थेट दारात येऊन उभ्या.

आणि तिथला महापौर आपल्यासारखा नसतो हो. आयुक्त नावाचा प्रकारच नाही, निधी आणि माणसं त्याच्याच हाताखाली. म्हणून नदीकाठी सांडपाणी शुद्धीकरणाची केंद्रं उभी राहू शकली. हे मी सासऱ्यांना तेव्हाच सांगितलं. ते म्हणाले, "मग तो महापौर नव्हे, तो आयुक्तच." यावर काय बोलणार?

बाकावर एक आजोबा बसले होते. बदकांकडे बोटं दाखवत चाललेला आमचा मराठीतला वाद ऐकून त्यांनी विचारलं, कशावरून भांडताय? मी सांगितलं. ते हसलेच नाहीत. जानेवारी 1986 मध्ये महापौर वारले, तेव्हा अंत्ययात्रेसाठी हे आजोबा मुकादमाला न सांगता कामावरून निघून गेले होते. घोड्यांच्या गाडीतून शवपेटी, दोन्ही बाजूंना लाखो माणसं. "एका महापौरासाठी?" सासऱ्यांनी मला विचारायला लावलं. आजोबा म्हणाले, त्यांची पत्रकं आम्ही घरी मोठ्याने वाचायचो. हे खरं आहे. कचरा, गोंगाट, 1982 चा फुटबॉल विश्वचषक, कशावरही प्रोफेसर जुन्या कास्तिलियनमध्ये, म्हणजे जुन्या वळणाच्या स्पॅनिशमध्ये, आपल्या बखरीच्या थाटात जाहीरनामे काढायचे. कालपर्यंत पालिकेचा कागद म्हणजे दंड किंवा बंदी. तोच कागद लोक हसत वाचायला लागले. शोभा म्हणा हवं तर. माद्रिदच्या कास्तेयाना रस्त्यावरचं फ्रँकोचं नाव उतरवणं, हीही शोभाच. चाळीस वर्षं ती पाटी बघत जगलेल्या माणसाला विचारा.

अर्थात प्रोफेसर देव नव्हते. 1984 मध्ये तरुणांच्या एका रॉक कार्यक्रमात त्यांनी नशेवर टाळ्या मिळवणारी कोटी केली, आणि त्याच वर्षांत हेरॉइन त्यांच्याच शहरातल्या गरीब वस्त्यांमधली पोरं गिळत होतं. याचा बचाव मी करणार नाही. शिवाय माद्रिद राजधानी, तिचं उदाहरण लहान गावाला जसंच्या तसं लागू होणार नाही.

तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर म्हणजे कायदा बघा. सही कुणाची चालते, अंदाजपत्रक कोण मांडतं, महापौराला मध्येच कोण काढू शकतं. हे तिन्ही त्याच्या विरोधात असेल, तर तुम्ही म्हणता तसा तो शोभेचा. आपल्याकडे तसं आहे म्हणून महापौरपदच फालतू, हा निष्कर्ष काढणाऱ्यांशी मात्र माझं जमत नाही. घरात एक आहेत.

त्या रात्री सासऱ्यांनी बदकांचा फोटो त्यांच्या निवृत्त कर्मचाऱ्यांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं होतं, 'येथील ड्रेनेज विभागाचे काम उत्तम.'