कोकणात राहायला जागा बघताना समुद्र नंतर, आधी दुपार बघा

तुम्ही विचारलंय की डिसेंबरात पुण्याहून सात जण चार दिवस कोकणात यायचंय, सोबत आई-बाबा (बाबांचे गुडघे दुखतात), पाच वर्षांची मुलगी आणि कॉलेजातली दोन भाचरं, तर हॉटेल बघू, एमटीडीसी (सरकारी पर्यटन महामंडळ) बघू की घरगुती, आणि बाकीचे लोक हे ठरवतात कसं. बाकीच्यांचं मी बऱ्यापैकी सांगू शकतो कारण गुहागरात आमच्या वाडीत चार खोल्या आहेत आणि गेली बारा-तेरा वर्षं बुकिंगचे फोन मीच उचलतो.

फोनवर पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच, "समुद्र किती लांब आहे?" बरोबरच आहे, घाट उतरून माणूस येतो ते समुद्रासाठीच. आमच्याकडे रस्त्याच्या पश्चिमेला जी घरं आहेत त्यांच्या वाड्या मागे सुरूच्या बनापर्यंत जातात, नारळी-पोफळीतून चार-पाच मिनिटं चाललं की वाळू. मंडळी खूश होतात, सकाळी आठला जातात, साडेदहा-अकराला अंगभर वाळू घेऊन परत येतात, आणि मग? चार-साडेचारपर्यंत कोणी बाहेर पडत नाही. डिसेंबरात पण ऊन लागतं, मे महिन्यात तर वाळूत पाय ठेववत नाही. म्हणजे जागेपणी तुम्ही मुक्कामाच्या जागेत सगळ्यात जास्त वेळ असता तो दुपारी, आणि दुपारबद्दल फोनवर आजवर मला कोणी काही विचारलेलं नाही. घरातली भांडणं पण दुपारीच होतात हो, पोरं खोलीत कंटाळलेली, बायका ओले कपडे कुठे वाळत घालायचे बघतायत, म्हाताऱ्यांना आडवं व्हायचंय आणि टीव्ही मोठ्याने चालू.

एक उदाहरण सांगतो. दोन-तीन वर्षांपूर्वी जानेवारीत नाशिकचं एक कुटुंब आलं होतं. मुलाने हट्टाने माडीवरची खोली घेतली, का तर गॅलरीतून झाडांच्या फटीतून समुद्र दिसतो. सोबत आजोबा होते, त्यांचे गुडघे गेलेले, हे त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही, दोघांची चूक. आजोबा जिना एकदा चढले ते दीड दिवस खाली उतरलेच नाहीत, जेवण ताट भरून वर. दुसऱ्या दिवशी दुपारी मी आणि त्यांच्या मुलाने हाताला धरून खाली आणलं आणि पडवीत बाज टाकून दिली. माझी आई तिथे सुपारी सोलत बसली होती. त्यांनी थोडा वेळ बघितलं आणि म्हणाले, द्या इकडे. मग जे बसले ते संध्याकाळपर्यंत, सोलली किती माहीत नाही पण गप्पा भरपूर झाल्या, बाकीची मंडळी समुद्रावरून परत आली तेव्हा चहा आजोबांनीच सांगितला सगळ्यांना. उरलेले दोन दिवस समुद्र बघितला नाही त्यांनी आणि जाताना सगळ्यात खूश तेच. तेव्हापासून मी फोनवर आधी विचारतो, "सोबत म्हातारं माणूस आहे का, खालची खोली देऊ का?" आणि जे स्वतःहून "कमोड आहे का" विचारतात त्यांच्याबद्दल मला आदर आहे, त्यांनी घरच्यांचा विचार केलेला असतो.

बाकी प्रश्नावरून माणूस ओळखू येतो. "एसी आहे का आणि चेक-आउट किती वाजता" विचारणारं जोडपं असेल तर मी सरळ सांगतो की हॉटेल घ्या, घरगुती ठिकाणी पडवीत कोणीतरी काकू बसलेली असते आणि ती लग्नाला किती वर्षं झाली, मूलबाळ किती हे विचारणारच, कितीही सांगितलं तरी. बुलेटवाले ग्रुप बुकिंग करतच नाहीत, रात्री आठला दारात उभे राहतात आणि आंघोळीला गरम पाणी आणि सकाळी लवकर नाश्ता एवढंच मागतात, खरं तर सगळ्यात सोपे गेस्ट. लॅपटॉपवाले हल्ली वाढलेत, त्यांना मी आधीच सांगतो की पावसात लाइट जाते आणि वाडीत आत शिरलं की रेंज पण जाते.

माशांचं नीट समजून घ्या, इथे फार जणांची फसगत होते. कोकण म्हणजे मासे असं डोक्यात असतं, पण गुहागर, आंजर्ले, केळशी, दिवेआगर इथल्या वाड्यांमधली बरीच घरं शाकाहारी आहेत, मोदक, घावणे, आंबोळ्या, कुळथाची पिठी, फणसाचा सीझन असेल तर भाजी, असं जेवण. मग लोक सुरमई आणून देतात आणि म्हणतात करून द्या, नाही हो चालत. मासेच खायचे असतील तर फोनवर पहिल्यांदा तेच विचारा, नाहीतर सरळ मालवण-तारकर्लीकडे जा, किंवा दापोलीकडे असाल तर हर्णैचा लिलाव बघून जिथे करून देतात अशा घरी राहा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, तेव्हा ताजी सुरमई कुठून येणार ते तुम्हीच बघा.

तुमच्या भाचरांसाठी तारकर्ली-देवबाग डोळ्यासमोर येईल, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, स्कुबा वगैरे सगळं आहे, डिसेंबरात चालू पण असतं. पण गुहागर आणि मालवण एकाच चार दिवसांत बसवू नका, मधला एक पूर्ण दिवस गाडीतच जातो आणि बाबांचे गुडघे गाडीत आखडतात. एमटीडीसीच्या जागा मोक्याच्या आहेत यात वाद नाही, गणपतीपुळ्याचं तर अगदी किनाऱ्याला लागून आहे, पण नाताळच्या आठवड्यासाठी आत्ताच बघा. फक्त दर्शन आणि स्वस्तात झोपायचं असेल तर तिथे देवस्थानाचा भक्तनिवास आहे. वेळासला जाणाऱ्यांचं अजून वेगळं, ते कासवांची पिल्लं बघायला साधारण फेब्रुवारी ते एप्रिल येतात, गावातल्या घरांमध्ये राहतात, जमिनीवर गादी, सामाईक संडास, आणि कुणाची तक्रार नसते कारण येतानाच ते मनाशी ठरवून आलेले असतात.

फोटोंवर फार जाऊ नका. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं त्यात श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुड, दापोलीकडच्या कितीतरी वाड्या झोपल्या, आणि नारळ-पोफळ परत उभी राहायला वर्षं लागतात. काही ठिकाणचे फोटो अजून त्याआधीचे आहेत, गर्द सावलीचे. तेव्हा तिकडे जात असाल तर मालकाला म्हणा की आज दुपारचा अंगणाचा एक फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाका. मी स्वतः पण फसलोय, धंद्यात असून. एकदा आम्ही दक्षिणेकडे गेलो होतो, नाव नाही सांगत, "सी व्ह्यू" म्हणून जास्तीचे पैसे दिले आणि सी व्ह्यू होता गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर चढलं तर. बायको अजून टाकी भरताना आठवण काढते.

आता तुमचं. मी तुमच्या जागी असतो तर चारही रात्री एका जागी राहिलो नसतो. पहिल्या दोन रात्री गुहागर किंवा वेळणेश्वरकडे घरगुती, तळमजल्याच्या दोन खोल्या, झोपाळा आणि मोठी पडवी बघून, म्हणजे आई-बाबांची आणि छोटीची दुपार निघाली, वाडीत तिला मांजर-वासरू काहीतरी सापडतंच. मग तवसाळहून जयगडला गाडीसकट फेरीबोटीने जा (पोरांना फेरीच जास्त आवडते असा अनुभव आहे) आणि पुढच्या दोन रात्री गणपतीपुळे किंवा मालगुंडला लिफ्ट असलेलं हॉटेल, तिथे भाचरांना एसी, वायफाय, किनाऱ्यावर वॉटर स्पोर्ट्स. घरगुती खोली साधी असेल तर साधारण दीड ते अडीच हजारात मिळते, नाताळ ते एक जानेवारी मात्र सगळेच वाढवतात, आम्ही पण वाढवतो, खोटं कशाला बोलू. जेवणाचे पैसे बहुतेक ठिकाणी वेगळे आणि माणशी, आणि रात्री किती ताटं लागणार ते दुपारीच सांगायचं, साडेआठला येऊन सात ताटं मागितली तर कोणाच्याच घरात भात तयार नसतो.

आणि येताना दापोलीवरून येणार असाल तर दाभोळ-धोपावे फेरीची शेवटची वेळ त्या दिवशी फोन करून विचारून घ्या. चुकली तर खेड-चिपळूणवरून सगळा वळसा मारावा लागतो, आणि मग रात्री उशिरा मला फोन येतो की काका, गेट उघडं ठेवा आणि थोडा भात ठेवा.