शोकांतिकेतल्या नायकाचा घातक दोष एका शब्दात कसा लिहायचा?

तुम्ही विचारलंय की हॅम्लेटची दिरंगाई, ऑथेल्लोचा मत्सर, मॅकबेथची महत्त्वाकांक्षा आणि ‘एकच प्याला’तल्या सुधाकरची दारू, असे दोष परीक्षेसाठी पाठ केले तर चालतील का, आणि असा दोष प्रत्येक नायकात असतोच का.

पहिल्या तिघांपाशी मी कदाचित गप्प बसलो असतो. सुधाकरची दारू वाचली आणि राहवलं नाही. दारू हा सुधाकरचा दोष नाही. गडकऱ्यांचं नाटक उघडून बघा. सुधाकर हुशार वकील, स्वतःच्या हिमतीवर वर आलेला. मुनसफाशी भर कोर्टात खटका उडतो आणि सहा महिन्यांसाठी वकिलीची सनद जाते. तो अपमान त्याला गिळता येत नाही आणि नेमक्या त्या वेळी दारूबाज तळीराम पेला पुढं करतो. आता चौथ्या अंकात या. सुधाकर दारू सोडतो, खरोखर सोडतो, आणि नोकरी मागायला ओळखीपाळखीच्या माणसांकडं जातो. ते त्याला झिडकारतात. मग तो पुन्हा पितो. दोन्ही वेळा आधी अपमान आहे, मग पेला. हे डोळ्यासमोर असून ‘दोष : मद्यपान’ लिहिणाऱ्यानं नाटक वाचलेलं नाही, गाइड वाचलंय.

हे मी एवढ्या जोरानं का सांगतोय तेही सांगतो.

१९९७ साली आम्ही हौशी मंडळींनी हे नाटक बसवलं. कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये रात्री साडेनऊला तालीम. मी सुधाकर होतो. आमच्या दिग्दर्शकांचं म्हणणं, सुधाकर मुळातच कमकुवत मनाचा आहे आणि प्रेक्षकाला ते पहिल्या प्रवेशापासून कळलं पाहिजे. त्यांनी मला खांदे पाडून चालायला लावलं, नजर खाली, आवाज दबका. मला पटत नव्हतं. पण ते वयानं मोठे, पंधरा-वीस नाटकं केलेले. मी ऐकलं.

पहिला प्रयोग केशवराव भोसले नाट्यगृहात झाला. शाहू महाराजांनी १९१५ साली उभं केलेलं ते नाट्यगृह, शेजारी खासबागचं मैदान. (८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं तेव्हा मी रस्त्यावर उभा होतो. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्यावर आत्ता लिहिणं मला जमणार नाही.) आबा, म्हणजे माझे वडील, सातव्या रांगेत बसले होते. प्रयोग संपल्यावर सगळे आत येऊन पाठ थोपटत होते. आबा दाराशीच उभे. गर्दी पांगल्यावर म्हणाले, “त्यो वकील पयल्यापासनंच वाकलेला दावलास की रं. मग पडला कोण?”

आबा सातवी शिकलेले. उद्यमनगरात एका फाउंड्रीत मोल्डर होते, म्हणजे ओतकामासाठी वाळूचे साचे करायचे. १९८६ साली एका मोठ्या ऑर्डरचं अख्खं कास्टिंग ब्लो होल, म्हणजे आत हवेच्या पोकळ्या, पडून रिजेक्ट झालं. आबांनी सकाळीच मूठभर वाळू दाबून बघून सांगितलं होतं की वाळू ओली आहे, आज ओतू नका, आत वाफ धरणार. कुणी ऐकलं नाही. माल फुकट गेल्यावर मालकांच्या पुतण्यानं सगळ्या कामगारांसमोर खापर आबांवर फोडलं. मालक बिचारे मधला मार्ग काढत होते. म्हणाले, पोराची माफी मागून टाक आणि सोमवारपासून ये. आबा सोमवारी गेले नाहीत. मंगळवारीही नाही. सहा महिने घरी बसले. मी नववीत होतो. दादाचं डिप्लोमाचं पहिलं वर्ष चालू होतं, ते सोडून तो लेथवर उभा राहिला तो कायमचा. आईचे बिलवर गेले. आबांनी आयुष्यात दारूला हात लावला नाही, पण ते सहा महिने त्यांनी कसे काढले ते मी बघितलंय. म्हणून सनद गेलेला माणूस घरात कसा बसतो हे मला कुठल्या दिग्दर्शकानं शिकवायची गरज नव्हती. तो वाकून बसत नाही. ताठ बसतो, तेच बघवत नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडं येतो. ‘घातक दोष’ हे भाषांतरच घोळाचं मूळ आहे. ॲरिस्टॉटलनं ‘पोएटिक्स’च्या तेराव्या प्रकरणात शब्द वापरलाय हॅमार्शिया. ग्रीकमध्ये त्याच्या मुळाशी नेम चुकणं आहे, भाला निशाण्यावर न लागणं. तो म्हणतो, शोकांतिकेचा नायक अगदी पुण्यात्मा नको आणि नीचही नको. त्याचा घात दुष्टपणामुळं नाही, अशा एखाद्या चुकीमुळं व्हावा. त्यानं दिलेलं उदाहरण ग्रीक नाटकातल्या ईडिपस राजाचं. ईडिपसचा ‘स्वभावदोष’ काढा बघू एका शब्दात. गर्व म्हणतात. पण बापाला मारणार, आईशी लग्न करणार हे भाकीत टाळायलाच तो कॉरिंथ सोडून निघतो, आणि तिठ्यावर ज्याला मारतो तो आपला बाप आहे हे त्याला माहीतच नसतं. नाटक सुरू होतं तेव्हा चूक कधीच होऊन गेलेली असते. पुढं त्याच्या राज्यावर, थीब्जवर, रोगराई आल्यावर आधीच्या राजाचा खुनी कोण हे तो खोदत जातो. त्याची बायको योकास्टा थांब म्हणून गयावया करते, तरी थांबत नाही. ज्या बुद्धीनं स्फिंक्सचं कोडं सोडवून गाव वाचवलं त्याच बुद्धीनं तो स्वतःचा नाश शोधून काढतो. याला दोष म्हणायचा असेल तर त्याला राजा कशामुळं केलं तेही दोषातच घाला.

हॅम्लेटची दिरंगाई म्हणता, पण पडद्याआड कोण आहे हे न बघता तलवार खुपसून पोलोनियसला मारणारा हॅम्लेटच. ऑथेल्लोबद्दल एवढंच सांगतो, मत्सर त्याला नंतर होतो. आधी तो सैनिकासारखा हाताखालच्या माणसावर विश्वास टाकतो. ‘ऑथेल्लो’वरून केलेला देवलांचा ‘झुंजारराव’ १८९० चा आहे, आपल्या लोकांना ही गोष्ट तेव्हापासून ठाऊक आहे, तरी आपण मुलांना अजून ‘मत्सर’ एवढंच लिहायला लावतो.

थोडक्यात, ज्या गुणावर माणूस उभा असतो त्याच गुणाच्या भरात त्याचा नेम चुकतो. तो गुण वजा केला तर मागं राहतो तो नायक नव्हे. सुधाकरचा स्वाभिमान काढून घ्या, तो मुनसफाला हात जोडेल, सनद शाबूत राहील आणि नाटक पहिल्याच अंकात संपेल.

मॅकबेथ मात्र माझ्या या म्हणण्यात नीट बसत नाही, हे कबूल करतो. त्याला आपण काय करतोय ते पुरतं कळत असतं, त्याला नुसती चूक म्हणवत नाही. तिथं महत्त्वाकांक्षा लिहा, चालेल. प्रत्येक नायकात असं काही असतंच का, तर नाही, बळेच शोधू नका. आणि पेपर तपासणाऱ्यांना एकच शब्द हवा असेल तर तो शब्द लिहा, पण खाली दोन ओळी स्वतःच्या घाला. माझी एवढी विनंती ऐका.

दुसरा प्रयोग इचलकरंजीला होता. मी कुणाला न विचारता पहिल्या प्रवेशाला ताठ गेलो. दिग्दर्शक पुढं महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. आबा आले नव्हते, त्यांची सेकंड शिफ्ट होती. सहा महिन्यांनंतर ते दुसऱ्या फाउंड्रीत कमी पगारावर लागले होते आणि रिटायर होईपर्यंत तिथंच राहिले. दादा आला होता. चौथ्या अंकात सुधाकरला दारोदार झिडकारतात तेव्हा तो उठून बाहेर गेला. रात्री विचारलं तर म्हणाला, डोकं दुखत होतं.

दादा आजही म्हणतो, आबांच्या ताठ्यानं घर बसलं. त्याचं शिक्षण गेलं, त्याला तसं म्हणायचा हक्क आहे, मी ऐकून घेतो. ताठा होता हे मीही मानतो. दादा, तू ही उत्तरं वाचतोस हे मला माहीत आहे. वाळू ओली होती, एवढं एकदा म्हण.