हॅम रेडिओवर (परवानाधारक हौशी लोकांचा वायरलेस) चालू गप्पांमध्ये शिरलं की सीनियर चिडतात. नव्या माणसाने कसं वागावं?

चिडतात खरे. निम्म्या वेळा त्यांचं बरोबरही असतं. मला बोलायचंय ते उरलेल्या निम्म्याबद्दल.

माझा व्हीयू३ कॉलसाइन (हवेवरचं ओळखनाव; व्हीयू३ म्हणजे खालची श्रेणी) नवाकोरा होता तेव्हाची गोष्ट. साताऱ्यात गच्चीवर ४० मीटर तरंगलांबीच्या बँडचा डायपोल (तारेचा अँटेना) ताणलेला, दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर वायर, एक टोक पाण्याच्या टाकीला बांधलेलं. संध्याकाळी रिग, म्हणजे रेडिओ संच, लावला, दहा-पंधरा सेकंद ऐकलं. चिटपाखरू नाही. मग कॅरिअर, म्हणजे नुसती सलग शिट्टी, देऊन अँटेना जुळवायचा ट्यूनर फिरवत बसलो. एसडब्ल्यूआरचा (अँटेना किती जुळला ते दाखवणारा) काटा खाली येतोय या आनंदात बटण सोडलं, तर स्पीकरमधून नागपूरचे एक जुने व्हीयू२, म्हणजे वरच्या श्रेणीचे, काका कडाडले: "कोण आहे हा? लायसन्स परीक्षा देऊन मिळवलंय की रद्दीत सापडलं?" मागून कुणीतरी हसलं. मी सॉरीसुद्धा न म्हणता रिग बंद केला आणि दोन महिने माइकला हात लावला नाही.

झालं होतं असं, की संध्याकाळी ४० मीटरवर जवळची स्टेशनं गायब होतात आणि लांबची धडधडीत येतात. काकांशी बोलणारा माणूस पुण्यातला. साताऱ्याहून पुणं जेमतेम ११० किलोमीटर, त्याचा एक शब्द मला येत नव्हता. नागपुरात मात्र आम्ही दोघं एकमेकांच्या उरावर. म्हणजे शांतता दिसली म्हणून जागा रिकामी असं नसतं. "ही फ्रिक्वेन्सी कुणी वापरतंय का?" असं कॉलसाइनसकट विचारायचं, थांबायचं, पुन्हा विचारायचं. मोर्सवर असाल तर त्याच प्रश्नाचा संकेत, क्यूआरएल. मी विचारलं नाही, ही माझी चूक, शंभर टक्के.

पण काका, "वापरात आहे ओएम (म्हणजे मित्रा), जरा वर सरका" एवढं पुरलं असतं की नाही? पुढे एका हॅममेळाव्यात भेटले तेव्हा मी स्किपचं, म्हणजे जवळचं सोडून लांबचं ऐकू येण्याचं, सगळं समजावलं, तर म्हणाले, "कानात बोळे घातले की सगळीकडे स्किपच." फ्रिक्वेन्सी कुणाच्या वडिलांची नसते. रोज सातला तुमचं नेट (ठरलेली रेडिओ-बैठक) भरतं म्हणून तिचा सातबारा तुमच्या नावावर होत नाही.

आणि मध्ये शिरायचं तर फट कुठे ठेवता तुम्ही? समोरच्याचं "ओव्हर" संपायच्या आत यांचं बटण दाबलेलं. दोन सेकंद सोडा की. नव्याने त्या फटीत फक्त आपला कॉलसाइन एकदा म्हणायचा आणि गप्प राहायचं. "ब्रेक ब्रेक" तातडीसाठी राखून ठेवा.

तातडी म्हणजे काय ते २००४ मध्ये कळलं. हॅम भारती प्रसाद आणि त्यांची टीम पोर्ट ब्लेअरहून व्हीयू४, म्हणजे अंदमान-निकोबारच्या कॉलसाइनचं स्टेशन, चालवत होती. अंदमान हवेवर दुर्मिळ, त्यामुळे जगभरातून हाकांची झुंबड. २६ डिसेंबरला त्सुनामी आली आणि त्याच रिगवरून लोकांच्या खुशालीचे निरोप जायला लागले. अशा वेळी आपण बटणावरून हात काढणं हीच मदत. हे मात्र काकांनाही मान्य होतं.

हो, वरचं सगळं ४० मीटरचं. गावातल्या रिपीटरवर (आवाज उचलून पुन्हा जोरात पाठवणाऱ्या यंत्रावर) सगळे सगळ्यांना ऐकतात, तिथे फट ठेवली तर पुरे. उगाच बटण दाबून रिपीटर उठतो का बघत बसू नका, कॉलसाइन सांगा. मुद्दाम त्रास देणारा भेटला तर त्याच्याशी एक शब्द बोलू नका, भांडण ऐकायलाच तो बसलेला असतो.

परवा एका नव्या व्हीयू३ने माझ्या चालू गप्पांवर शिट्टी धरली. दोनदा नीट सांगितलं. तिसऱ्यांदा माझाही आवाज चढलाच. त्या वेळी नागपूरला बँड उघडा नसावा, एवढीच आशा.