पुस्तकाची एकच प्रत असताना सहावीला 'ओझचा जादूगार' कसा शिकवावा?

तुमचा प्रश्न असा: बीड जिल्ह्यातली जिल्हा परिषदेची शाळा, सहावीत 35 मुलं, पुस्तक एकच. मुलं गोष्ट ऐकताना रमतात, पण नंतर प्रश्नोत्तरं सुरू झाली की वर्ग मरगळतो. मग काय करावं?

आधी ती प्रश्नोत्तरं बंद करा. 'डोरोथीच्या कुत्र्याचं नाव काय' याला डोकं लागत नाही, आणि 'या गोष्टीतून काय बोध मिळतो' याचं उत्तर मुलं गोष्ट न ऐकताही देतात. वादळानं ओझ नावाच्या देशात येऊन पडलेली डोरोथी घरी परतायला तिथल्या जादूगाराकडे निघते आणि वाटेत तिला तीन सोबती भेटतात. या गोष्टीची सगळी गंमत एका जागी आहे. बुजगावण्याला अक्कल हवी, पत्र्याच्या लाकूडतोड्याला काळीज हवं, सिंहाला हिंमत हवी, आणि ज्याला जे हवं ते त्याच्यापाशी आधीपासूनच आहे. लेखक हे बराच वेळ बोलून दाखवत नाही, नुसतं घडवून दाखवतो. ते मुलांनी स्वतः पकडायचं. तुम्ही दुसऱ्या दिवशीच सांगून टाकलंत की पुढची सगळी प्रकरणं मुलांसाठी नुसता प्रवास उरतो.

एल. फ्रँक बॉम यांचं मूळ पुस्तक 1900 सालचं आणि बॉम 1919 मध्ये वारले, त्यामुळे ते स्वामित्वहक्काच्या बाहेर आहे. इंग्रजीवरून तुम्ही स्वतः केलेला मराठी मजकूर खुशाल झेरॉक्स करून वाटा. छापील मराठी अनुवादाचं मात्र तसं नाही, त्याचा हक्क अनुवादकाकडे किंवा प्रकाशकाकडे असू शकतो.

एकूण प्रकरणं 24. सगळी मोठ्यानं वाचायला जाऊ नका, सत्र पुरणार नाही. 1 ते 7 पूर्ण वाचा. आठवं, नववं सांगा. 10 आणि 11 वाचा. बाराव्यात लाकूडतोड्या 40 लांडग्यांची मुंडकी उडवतो आणि बुजगावणं 40 कावळ्यांच्या माना पिरगाळतं, ते एका वाक्यात आटपा. तेरावं, चौदावं तोंडी, 15 ते 17 पूर्ण, 18 ते 22 पाच मिनिटांत, मग शेवटची दोन वाचा. आठवड्याला 4 तासिका धरल्या तर पाच आठवडे लागतात. सुरुवात जुलैत करा. दिवाळीच्या आसपास काही घरं ऊसतोडीला निघतात, आणि त्या लेकरांची गोष्ट अर्धी राहायला नको.

आता प्रश्नोत्तरांच्या जागी काय? एक तक्ता भिंतीवर लावा. रकाने तीनच: कोण, काय मागतो, कुठं दिसलं. 4-5 जणांचे आठ गट करा आणि प्रत्येक पात्र दोन-दोन गटांना द्या. डोरोथीसुद्धा धरा, तिला घरी जायचंय. अट एकच, तिसऱ्या रकान्यात कृती लिहायची, विशेषण नाही. पहिल्या आठवड्यात मुलं हमखास 'तो हुशार आहे' असं लिहितील. खोडू नका, फक्त 'कशावरून?' विचारा. सातव्या प्रकरणात वाटेत खोल दरी येते. सिंहानं एकेकाला पाठीवर घेऊन उडी मारायची, ही युक्ती बुजगावण्याची. पुढच्या दरीवर झाड पाडून पूल करायचा, हीसुद्धा त्याचीच. आणि उडी मारणारा सिंह स्वतः घाबरलेला असतो. इथं पुस्तक मिटून थांबा आणि तक्त्यावर काय लिहायचं ते गटांनाच ठरवू द्या. लाकूडतोड्याच्या पायाखाली किडा चिरडतो आणि रडून रडून त्याचा जबडा गंजतो, तिथंही असंच थांबा. सगळा वर्ग एकदम बोलायला लागला तर त्या दिवशी पुढं वाचू नका.

डोरोथीचं घर अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये आहे. कॅन्ससचं बीड करू नका, ही माझी कळकळीची विनंती. पहिल्या प्रकरणातली जमीन उन्हानं भाजून करडी पडलेली, भेगाळलेली आहे. गवतही हिरवं नाही, घराचा रंग उडालाय, डोरोथीच्या काकूच्या चेहऱ्यावरचं हसू गेलंय. आपल्या लेकरांनी उन्हाळ्यातलं वावर पाहिलेलं असतं. परक्या देशाचं वर्णन ऐकताना 'हे तर आपल्याकडचंच' असं त्यांना आपणहून वाटलं पाहिजे. शब्द मात्र आपले वापरा. वादळात लपायचं तळघर समजावताना 'पेवासारखं' म्हटलं की पुरे. फक्त 'वावटळ' म्हणताना जपून: आपली वावटळ तापलेल्या जमिनीवरून वर उठते, तिथलं वादळ गडगडाटी ढगातून खाली उतरतं आणि घरं उचलतं.

चौथ्या प्रकरणात बुजगावणं विचारतं, एवढा सुंदर मुलूख सोडून तुला त्या कोरड्या, करड्या जागी परत का जायचंय? इथं वर्गाला लिहायला लावा, पण मोठ्यानं वाचायची सक्ती नको. ज्यांचं घर वर्षातले सहा महिने फडावरच्या कोपीत असतं, त्यांना हा प्रश्न वेगळा लागतो.

याच प्रकरणात लेखनाचा सगळ्यात चांगला पाठ दडलाय. शेतकरी बुजगावण्याला आधी कान रंगवतो, मग उजवा डोळा, मग डावा. कान झाल्याबरोबर त्याला ऐकू येतं, पण दिसत काही नाही. उशीचा जुना अभ्रा घ्या, आत चिंध्या भरा. सोयाबीनचं भुसकट नको, ते टोचतं आणि खाज सुटते. वर्गासमोर आधी फक्त कान काढा. मुलांनी एक मिनिट डोळे मिटून ऐकायचं आणि ऐकलेलं लिहायचं. मग उजवा डोळा काढा, मुलांनीही एकच डोळा उघडायचा. मग डावा. शेवटी बुजगावण्याच्या तोंडून 8-10 ओळी. चूक ठरलेली असते: फक्त कान असतानाच 'मला शेतकरी दिसला'. वही शेजाऱ्याला द्या, त्यानं पहिल्या भागातला 'दिसण्याचा' प्रत्येक शब्द अधोरेखित करायचा. कोण बोलतंय आणि त्याला काय कळू शकतं, हे व्याकरणाच्या तासाला समजत नाही ते इथं समजतं.

जादूगाराच्या पाचूच्या नगरीत सगळ्यांना हिरवे चष्मे घालतात, म्हणून नगरी हिरवी दिसते. हिरव्या जिलेटिन कागदाच्या दोन घड्या डोळ्यांवर धरून पांढऱ्या कागदावरचं लाल आणि हिरवं लेखन बघायला लावा. लाल काळपट दिसतं, हिरवं फिकं पडतं.

पंधराव्या प्रकरणाला तीन तासिका द्या. कुत्रा पडदा पाडतो आणि महाभयंकर जादूगार ओझ म्हणजे एक साधा म्हातारा निघतो. कागदाचं डोकं तारेला टांगलेलं, आगीचा गोळा म्हणजे तेलात भिजवलेला कापूस, आवाज शब्दभ्रमाचा. हे डोकं वर्गात करा. एक वाटी मैदा पाच वाट्या पाण्यात शिजवून खळ करा, फुग्यावर वर्तमानपत्राच्या दोन बोटं रुंद पट्ट्यांचे तीन थर द्या. पहिला थर वाळायच्या आत दुसरा दिला तर आत ओल राहते, वास येतो, आणि फुगा बसला की डोकंही बसतं. सावलीत वाळवा, उन्हात आतली हवा फुगून फुगा फुटतो. आवाजासाठी गुंडाळलेला तक्त्याचा कागद पुरतो. आगीच्या गोळ्याचा प्रयोग अजिबात नको, लाल कागद लावलेली बॅटरी वापरा. मग प्रत्येक गटानं लिहायचं, आपण काय पाहिलं आणि ते कसं केलेलं होतं. भानामती, अंगात येणं, हातातून निघणारी राख हे विषय मुलं स्वतःच काढतील. गावातल्या कुणाचं नाव घेऊ देऊ नका, युक्तीवरच बोला. 'चेटकीण' शब्दाचंही तेच. आपल्याकडे बायकांना असं म्हणून छळलेलं आहे, 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. हा शब्द गोष्टीतल्या पात्रापुरताच, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट करा.

कुणी मोबाइलवर 1939 चा सिनेमा पाहून येईल आणि डोरोथीचे जादूचे बूट लाल असल्याचं सांगेल. पुस्तकात ते चांदीचे आहेत, आणि सिनेमातल्यासारखा ओझचा प्रवास स्वप्नही नाही. भांडण झालं तर होऊ द्या, पुस्तक उघडून बघायचं ते एक कारण आहे.

शेवटच्या दिवशी तक्त्यावरची डोरोथीची ओळ बघा. तिथं बहुतेक गटांकडे फारसं काही नसतं. टाचा तीनदा आपटल्या की घरी नेणारे ते बूट कधीपासून तिच्या पायात होते, एवढंच विचारा आणि प्रत मुलांच्या हातात द्या. दुसरं प्रकरण त्यांना शोधू द्या. नंतर ती प्रत खिडकीपाशी, दोरी बांधलेल्या वहीसकट ठेवा. चिनी मातीच्या माणसांचा देश विसाव्या प्रकरणात आहे, ते आपण वर्गात वाचलेलं नाही, एवढं मुलांसाठी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.