आव म्हणजे जुलाब का?

प्रश्न असा आहे: आयबीएसच्या (इरिटेबल बाउल सिंड्रोम, म्हणजे पोटदुखी आणि शौचाच्या तक्रारी वारंवार होणारा आतड्याचा विकार) रुग्णांसाठी मराठीत माहितीपत्रक लिहिताना 'शौचातून म्यूकस जातो' हे कसे सांगावे? 'आव पडते' लिहिले तर लोकांना जुलाब वाटतील, म्हणून 'श्लेष्मा' बरा का?

माझे स्पष्ट मत 'आव'च्या बाजूने आहे. शौच किती पातळ आणि कितीदा झाले ते 'जुलाब' सांगतो. त्यातून काय पडले ते 'आव' सांगते. शेंबडासारखे चिकट, बुळबुळीत काही पडले की ती आव, मग दिवसातून एकदाच जावे लागलेले असो. 'श्लेष्मा' म्हटले की बहुतेकांना छातीतला कफच आठवतो.

शब्दाचे मूळ संस्कृत 'आम', म्हणजे कच्चे, न पचलेले. ग्राम-गाव, नाम-नाव, तसेच आम-आव. जुन्या छपाईत गांव, नांव, आंव असे अनुस्वार दिसतात, ती त्या 'म'ची खूण. 'आमांश'ही त्याच घरचा. 'आव आणणे' यातला आव मात्र निराळा. तो पुल्लिंगी, ही स्त्रीलिंगी. जुलाब दुसरीकडून आला: फारसी गुलाब म्हणजे गुलाबपाणी, त्याचे अरबीत जुलाब झाले, पुढे ते सरबताचे आणि मग रेचक औषधाचे नाव झाले. म्हणून मराठीत जुलाब घेतातही आणि होतातही.

आता पोटातली गोष्ट. निरोगी माणसाच्या मळात सुमारे तीन चतुर्थांश पाणीच असते; उरलेल्यात जिवाणूंचा वाटा मोठा, बाकी न पचलेला चोथा, थोडी चरबी वगैरे. आतड्याचे अस्तर बुळबुळीत स्राव नेहमीच सोडत असते, पण तो एरवी डोळ्यांना दिसत नाही. आयबीएसमध्ये तो दिसू लागतो, आणि बद्धकोष्ठ असलेल्यांनाही दिसतो. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिस्टल तक्त्यात मळाचे सात प्रकार आहेत. त्यातला पहिला म्हणजे आपल्याकडे ज्याला 'लेंड्या पडतात' म्हणतात तो. अशा कोरड्या लेंड्यांवरही आवेचा थर असू शकतो. जुलाबाचा तिथे संबंधच नाही.

एक अडचण मात्र खरी आहे. 'आव झाली' किंवा 'आव लागली' म्हटले की तो आमांश, म्हणजे पोटात मुरडा, कुंथणे आणि वारंवार जाणे. म्हणून पत्रकात क्रियापद जपा: 'आव पडणे' हे लक्षण, 'आव होणे' हा रोग.

आणि 'रक्ती आव' आयबीएसच्या लक्षणांत घालू नका. आव पडली तरी रक्त हे आयबीएसचे लक्षण नव्हे. अमिबाचा आमांश किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज येण्याचा दीर्घ आजार) यांत आतड्याला व्रण पडतात, तिथे आवेबरोबर रक्तही येते. त्यासाठी पत्रकात वेगळी ओळ हवी: 'शौचातून रक्त किंवा रक्ती आव पडत असेल, तर लगेच डॉक्टरांना दाखवा.'