शोभेचे गवत उन्हाळ्यात वाळले, तर ते उपटून टाकावे का?

पुण्यातील अंगणात लावलेले शोभेचे गवत एप्रिलमध्ये पिवळे पडले आहे, ते मेले समजून उपटावे का आणि त्याला पाणी किती द्यावे, असे आपण विचारले आहे. उपटू नका. ठोंबाचे गवत वरून वाळले तरी त्याचा जीव जमिनीलगतच्या गड्ड्यात असतो. बाहेरची एक काडी बुडापासून सोलून पाहा. आत ओलसर, पांढरट हिरवा कोंब दिसला, तर गवत जिवंत आहे.

हे मी इतक्या ठामपणे लिहिते, कारण आमच्या साताऱ्याच्या घरी हीच चूक झाली. घरामागच्या उतारावर, रस्त्याच्या कडेने, मी 2016 च्या जूनमध्ये वाळ्याचे आठ ठोंब लावले होते. दोन वर्षांत ते छातीएवढे झाले आणि त्यांना जांभळट तुरे आले. माझ्या मोठ्या दिरांच्या मते मात्र गवत म्हणजे तण, आणि बागेत शोभते ते फक्त लॉन. 2019 च्या एप्रिलमध्ये मी माहेरी गेले असताना त्यांनी गडी लावून सहा ठोंब पहारीने काढले. अंधार पडला म्हणून दोन वाचले. मी परतले तेव्हा गड्डे कुंपणाशी उन्हात टाकलेले होते. त्यांवर पाणी शिंपडताच माठातल्या वाळ्याचा वास आला, आणि एक काडी सोलली तर आत कोंब हिरवा होता.

वाळ्याची मुळे आडवी न पसरता सरळ खाली जातात, चांगल्या जमिनीत तीन मीटरपर्यंतही, त्यामुळे पहारीने निघतो तो गड्डा आणि मुळे तुटून आत राहतात. पण गड्ड्याशिवाय त्यांना फुटवा येत नाही. जुलैत त्या सहा खड्ड्यांजवळची माती रस्त्यावर वाहून आली. उरलेल्या दोन ठोंबांमागे मात्र वीतभर माती अडून राहिली होती. दिरांनी दोष पावसाला दिला. त्या वर्षी पाऊस फार झाला हे खरे, परंतु तोच पाऊस त्या दोन ठोंबांवरही पडला होता.

आपण मेअखेर, नवे कोंब दिसण्यापूर्वी, ठोंब सुतळीने बांधून जमिनीपासून 15 ते 20 सेंटीमीटरवर धारदार विळ्याने कापावा. तीन-चार वर्षांनी मधला भाग पोकळ झाला की जूनमध्ये फुटवे वेगळे करून लावावेत. मी खड्ड्यांत उरलेल्या दोन ठोंबांचेच फुटवे लावले आणि ते सगळे जगले. युरिया देऊ नये, कारण पाने लुसलुशीत होऊन लोळतात. मूठभर शेणखत पुरते. पाणी पहिल्या वर्षी नेमाने द्यावे, पुढे माती पाहून. लॉनला मात्र उन्हाळाभर पाणी पाजावेच लागते, हे आपल्याकडे कोणी लॉनचा आग्रह धरला तर अवश्य सांगावे.

आपले गवत एकाच हंगामाचे असेल, तर ते खरोखरच मेलेले असू शकते. सोललेला कोंब तपकिरी आणि कोरडा निघाला तरच काढावे. नर्सरीतले लांब तुऱ्यांचे फाउंटन ग्रास टेकडीजवळ लावू नये. त्याचे बी वाऱ्याने पसरते. हवाई बेटांवर ते रानभर पसरून वणव्यांना खाद्य झाले आहे. आणि कापताना हातमोजे घालावेत, कारण पानांच्या कडा बोटे कापतात.