उचल घेण्याआधी

नॅशव्हिल,
रविवार रात्र

प्रिय लेकी,

तुझं पत्र आणि तुमच्या चौघांच्या बँडला रेकॉर्ड कंपनीने दिलेल्या कराराच्या पानांचे फोटो मिळाले. बाबांना न विचारता आधी मला पाठवलेस, त्यावर दिवाळीला तुमच्याकडे येईन तेव्हा बोलू. अकरा पानं दोनदा वाचली. मी काही वकील नाही. मिरजेत सतारीच्या भोपळ्यांच्या ढिगात वाढलो आणि इथे गिटारी दुरुस्त करून पोट भरलं. पण तीस वर्षं या टेबलावर बँडची वाद्यं येतायत, आणि वाद्यांमागोमाग त्यांची भांडणंही. बँड मोडतोय हे मला फार लवकर कळतं. एके दिवशी एकाच गिटारीला दोन मालक उभे राहतात आणि दोघंही म्हणतात, ‘काम झालं की मलाच फोन करा.’

तू विचारलंयस, सही होऊ द्यावी का. आत्ता नको. गाणी चांगली आहेत. तिसरं गाणं मी पाच वेळा ऐकलं, त्यातली तुझी फिडलची (इथे व्हायोलिनला असंच म्हणतात) सुरुवात तर कामात गुणगुणत होतो. अडचण वेगळी आहे. कंपनीला सही फक्त तुमच्या गाणाऱ्या मुलीची हवी आहे. तू, बास आणि ड्रम म्हणजे बोलावलं की यायचं आणि दिवसाचे पैसे घेऊन जायचं. करारात तुमची नावंसुद्धा नाहीत, ‘सोबतचे वादक’ असं लिहिलंय.

या गावाची ही जुनी खोड. कंट्रीच्या, म्हणजे इथल्या गावाकडच्या वळणाच्या गाण्यांच्या धंद्याला एक चेहरा, एक नाव, एक टोपी आवडते. मागचं वादन स्टुडिओतले लोक करतात, आणि ते भन्नाट करतात, त्यात वाद नाही. तीन तासांचं सेशन असतं, कागदावर कॉर्डच्या नावांऐवजी नुसते आकडे लिहिलेले, एक-चार-पाच-एक, आणि गाणं तयार! (ही आकड्यांची पद्धत पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला हसू आलं होतं. आपण ‘सा’ कुठेही धरला तरी ‘ग’ तो ‘ग’च. तसंच हे. गायिका म्हणाली पट्टी चढवा, तर कागद बदलावा लागत नाही. तू सरगम शिकलीयस, तुला हे दोन दिवसांत येईल.) अशी माणसं हाताशी असताना कंपनीला चौघांचा संसार कशाला हवा? त्या हिशेबात बँड म्हणजे चार मतं, चार जेवणं आणि एक रुसलेला ड्रमर.

तरी या गावाला एका बँडने वाकवलं, त्याची गोष्ट तुला माहीत असायला हवी. अलाबामा. रँडी ओवेन आणि टेडी जेंट्री ही नात्यातली भावंडं, फोर्ट पेन गावाजवळच्या लुकआउट डोंगरावर कापसाच्या शेतात वाढलेली. तिसरा जेफ कुक, तोही लांबचा भाऊ, गिटार, फिडल, कीबोर्ड, हाताला येईल ते वाजवणारा. १९७३ साली हे तिघे साउथ कॅरोलायनात मर्टल बीचला गेले आणि समुद्राकाठच्या ‘बावरी’ नावाच्या बारमध्ये वाजवू लागले. कमाई मुख्यतः टिपांवर. पुढचे सहा-सात उन्हाळे त्यांनी तिथेच काढले. सुट्टीला आलेले लोक बिअर पीत फर्माइशी करणार आणि तुम्ही त्या पुऱ्या करणार. रॉक मागा, जुनं कंट्री मागा, सोल मागा. त्या उन्हाळ्यांनी त्यांना काय दिलं म्हणशील, तर तीन गळे एकत्र लावण्याची सवय. रिहर्सलमध्ये जुळवलेले सूर वेगळे, आणि रोज रात्री दारुड्यांच्या गोंगाटात एकमेकांचा श्वास ओळखून लागलेले सूर वेगळे. ओवेनच्या गाण्यामागे बाकीचे दोघे कसे येतात, ते हेडफोन लावून ऐक.

त्यांचंही नशीब आधी कागदावरच आपटलं. १९७७ मध्ये जीआरटी नावाच्या कंपनीने त्यांना घेतलं. एक गाणं निघालं, ते लोकप्रिय गाण्यांच्या यादीच्या तळाशी जरा दिसलं आणि गेलं. मग कंपनीचंच दिवाळं वाजलं. आता सुटलो असं यांना वाटलं, तेव्हा करारातलं एक कलम वर आलं. दुसऱ्या कोणाकडे रेकॉर्डिंग करायची यांना परवानगीच नव्हती. कंपनी मेली, पण तिचा कागद जिवंत! स्वतःचाच करार परत विकत घ्यायला पैसे जमवण्यात त्यांची दोन वर्षं गेली. तुझ्या फोटोतलं सातवं पान पुन्हा काढ, खालून दुसरा परिच्छेद वाच. तिथे कंपनी विकली गेली, बुडाली किंवा तिने रेकॉर्ड काढलंच नाही, तर तुम्ही कधी मोकळे होणार याबद्दल एक अक्षर नाही. आणि गायिका बँड सोडून गेली तरी तिच्यावर कंपनीचा हक्क राहील, हे मात्र व्यवस्थित लिहिलंय.

१९८० मध्ये आरसीए या रेकॉर्ड कंपनीने त्यांना घेतलं, त्याच वर्षी पहिलं गाणं एक नंबरला गेलं आणि मग ते थांबेचनात. ख्रिसमसचं एक गाणं सोडलं, तर १९८७ पर्यंत सलग एकवीस गाणी एक नंबरवर. १९८२, ८३ आणि ८४, लागोपाठ तीन वर्षं कंट्री म्युझिक असोसिएशनचा ‘एंटरटेनर ऑफ द इयर’ पुरस्कार. त्यानंतर या गावाला बँड चालायला लागले. पण त्यांच्यातही एक सल होती. ड्रमर मार्क हर्नडन १९७९ मध्ये आला, कव्हरवर चौघांचे फोटो छापले गेले, लोकांना चौघे माहीत. आतला हिशेब मात्र तीन भावांचा. निरोपाचा दौरा उरकल्यावर काही वर्षांनी, २००८ मध्ये, पैशांवरून त्याच्याविरुद्धचं प्रकरण कोर्टात गेलं. कोण बरोबर, कोण चूक, ते मी सांगणार नाही. फोटोत चौघे आणि कागदावर तिघे, एवढं लक्षात ठेव. तुमच्याकडे तर फोटोत चौघे आणि कागदावर एक आहे.

आता पैसे. तू लिहिलंयस, ‘काका, ते अ‍ॅडव्हान्स देतायत.’ बाळा, ती उचल आहे. आपल्याकडे ऊसतोडीला जाणारी जोडपी मुकादमाकडून घेतात तशी. समज, रेकॉर्डिंग, व्हिडिओ, प्रसिद्धी असा तुमच्या खात्यावर एक लाख डॉलर खर्च पडला आणि तुमचा वाटा शंभरातले वीस. तर तो लाख फिटणार तुमच्या त्या विसातूनच. म्हणजे रेकॉर्डने पाच लाख कमावल्यावर तुम्हाला पहिला डॉलर दिसणार. तोवर कंपनीकडे चार लाख गेलेले असतात, वर तिचा लाखही वसूल. आणि तुमच्या करारात दौऱ्याच्या आणि टी-शर्टच्या कमाईतही त्यांचा हिस्सा आहे. टी-शर्ट विकूनच तर गाडीत पेट्रोल भरलं जातं गं.

याहून मोठी गोष्ट रेडिओची, ती बहुतेक वादकांना चाळिशीत कळते. अमेरिकेत साध्या एएम-एफएम रेडिओवर गाणं वाजलं की पैसे मिळतात ते गीत-संगीत लिहिणाऱ्याला आणि त्याच्या प्रकाशकाला. बीएमआय, अ‍ॅस्कॅप, सेसॅक या संस्था ते गोळा करतात. गाणाऱ्याला आणि वाजवणाऱ्याला शून्य. सॅटेलाइट आणि इंटरनेट रेडिओचं वेगळं आहे, तिथे साउंडएक्सचेंज नावाची संस्था निम्मे पैसे रेकॉर्डच्या मालकाला, पंचेचाळीस टक्के मुख्य कलाकाराला आणि पाच टक्के बाकीच्या वादक-गायकांच्या निधीत देते. आता तूच बघ. तिसऱ्या गाण्याची तुझी ती सुरुवात, जी ऐकली की गाणं ओळखू येतं, ती बांधलीस तू. गाण्यावर नाव आहे गायिकेचं आणि तिच्या मित्राचं. उद्या ते गाणं देशभर वाजलं, तर एफएमवरून तुला एक पै येणार नाही, आणि सॅटेलाइटवरच्या पंचेचाळीस टक्क्यांत बसायला ‘मुख्य कलाकार’ म्हणून तुझं नाव कागदावर लागतं.

इथल्या लिहिणाऱ्या मंडळींचा एक रिवाज मला फार आवडतो. खोलीत तिघे बसले तर गाणं तिघांचं, सारखं वाटून. कोणाची ओळ जास्त, कोणाची कमी, हे मोजत नाहीत. मोजायला लागलं की पुढच्या वेळी कोणी मनापासून ओळ सुचवत नाही. तुम्ही चौघे या आठवड्यात बसा. पिझ्झा मागवा, पण बिअर नको. एकेक गाणं घ्या आणि कोणाचं किती ते लिहून सह्या करा. भांडण झालंच तर आत्ता होऊ दे, आत्ता भांडायला चारशे डॉलर आणि एक जुनी व्हॅन आहे फक्त.

नावाचंही त्याच बैठकीत मिटवा. यात माझे स्वतःचे हात पोळलेत. नव्वदच्या दशकात मी शनिवार-रविवार एका बँडमध्ये मँडोलिन वाजवायचो. पाच जण होतो, नाव सगळ्यांनी मिळून ठेवलेलं. आमच्यातल्या एकाने ते गुपचूप स्वतःच्या नावावर नोंदवलं. एका शनिवारी मी नेहमीच्या बारमध्ये अँप घेऊन पोचलो, तर दारावर आमच्याच नावाची पाटी आणि आत भलतेच लोक साउंडचेक करतायत. दारावरचा पोऱ्या मला म्हणाला, ‘तिकडे रांगेत उभे राहा.’ अँप वीस किलोचा होता, म्हणून तो प्रसंग हातांनाही आठवतो. तेव्हा चौघांची मिळून एक कंपनी काढा आणि नाव तिच्या मालकीचं ठेवा. कोणी गेलं तर नाव बरोबर नेता येणार नाही, आणि जाणाऱ्याला आधीच्या गाण्यांचा वाटा मिळत राहील. दोन ओळींत लिहिता येतं. नाव आधी कोणी वापरतंय का, तेही नीट शोधा. लेडी अँटेबेलम या कंट्री बँडने २०२० मध्ये नाव बदलून लेडी ए केलं, तर सिएटलची एक ब्लूज गायिका अनेक वर्षं त्याच नावाने गात होती. ते प्रकरण मिटायला २०२२ उजाडलं.

डिक्सी चिक्स या मुलींच्या कंट्री बँडचं उदाहरण तू दिलंयस, ‘त्यांनी नाही का गाणारी बदलली?’ म्हणून. बदलली. १९८९ मध्ये डॅलसच्या रस्त्यांवर चौघी वाजवत होत्या, १९९५ पर्यंत त्यांतल्या फिडल आणि बँजो वाजवणाऱ्या दोघी बहिणीच उरल्या, आणि नॅटली मेन्स आली. तिचे वडील लॉइड मेन्स टेक्सासातले नावाजलेले स्टील गिटारवादक. (त्या पेडल स्टील गिटारीची मींड ऐकली की मला अजून मिरज आठवते.) म्हणजे तिथे वाजवणाऱ्या राहिल्या आणि गाणारी नवी आली. तुझ्या कंपनीला नेमकं उलटं हवंय. २००३ मध्ये लंडनच्या स्टेजवरून नॅटली राष्ट्राध्यक्षांविरुद्ध बोलली आणि कंट्री रेडिओने तिघींवर बहिष्कार टाकला. दोघी बहिणी तिच्यामागे उभ्या राहिल्या. चार वर्षांनी पाच ग्रॅमी घेऊन आल्या त्याही तिघी.

इथे राहायला यायचं म्हणतेस तर ये, पण आधी महिनाभर. इथल्या ब्रॉडवे रस्त्यावरच्या बारमध्ये चार-चार तासांच्या पाळ्या असतात, सकाळी दहापासून रात्री दोनपर्यंत. मूळ पगार थोडा, बाकी बादलीतल्या टिपा. बादली फिरवायला लाजू नकोस, ते कामच आहे. चार तासांत एकच ब्रेक मिळेल, कधी तोही नाही. तिसऱ्या तासाला उजवा खांदा बोलायला लागला, की बो, म्हणजे गज, धरण्यात चूक आहे असं समज आणि शिक्षकाकडे जा. वेदनाशामक गोळ्या खाऊन वाजवणारे दोन फिडलवाले माझ्या ओळखीचे आहेत. दोघांनीही आता वाद्य विकलंय, एकाचं तर मीच विकून दिलं.

करार वाचायला संगीताच्या धंद्यातला वकील गाठा, आणि तो तुमचा हवा. कंपनीने सुचवलेला नको, गायिकेच्या मामाचा घरं विकणारा मित्र तर मुळीच नको. फी चौघांनी वाटून द्या. गायिका कुरकुरली तर तिच्यावर चिडू नकोस. तिला एकटीला बोलावलंय, तिच्या जागी तूही आठ दिवस झोपली नसतीस. तिला माझ्याकडे पाठव हवं तर, चहा पाजतो.

आणखी एक. तू पाठवलेल्या व्हिडिओत फिडलची घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती) बोर्डाच्या बाजूला झुकलेली दिसली. तारा चढवताना तू ती सरळ करत नाहीस, मागेही सांगितलं होतं. अशी राहिली तर एक दिवस फटकन पडेल आणि पोटाची फळी चिरेल. एकेक तार जराशी सैल कर, घोडी दोन्ही हातांनी धरून सरळ कर, मग हळूहळू सुरात आण. चारही तारा एकदम सोडू नकोस, आतली काडी पडेल. जमत नसेल तर हात लावू नकोस, तशीच पेटीत ठेवून घेऊन ये. मंगळवार सोडून कधीही.

तुझा,
काका